वाचकांचे प्रश्न : परतायचे ठरले, पण कोणत्या शहरात?

परदेशातून कायमचे परत येण्याचे ज्यांचे नक्की झाले आहे, पण कोठे राहावे याचा उलगडा होत नाही, अशा वाचकांची पत्रे या महिन्यात एकत्र घेतली आहेत. परतावे की परतू नये, हा प्रश्न येथे घेतलेला नाही. तो ज्याचा त्याने सोडवलेलाच बरा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि येत्या जूनमध्ये परतणार आहोत. मी माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात आहे. पत्नी औषधचाचण्यांच्या सांख्यिकी विश्लेषणाचे काम करते. मुलगी आठवीत आहे, मुलगा चार वर्षांचा. दोघेही अमेरिकेत जन्मलेले. माझे वडील नाशिकला असतात, त्यांना पार्किन्सनचा आजार आहे आणि ते घर सोडायला तयार नाहीत. सासू-सासरे पुण्यात असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. पुणे, बंगळुरू आणि हैदराबाद या शहरांना पगार, हवा, शाळा, विमानसेवा अशा मुद्द्यांवर गुण देऊन आम्ही एक तक्ता केला. त्यात बंगळुरू पहिले येते, पण निर्णय घेण्याचे धाडस होत नाही. — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या तक्त्यात चूक नाही, पण त्यात घरातली माणसे नाहीत. पगार आणि हवा यांचे गुण घरातल्या सगळ्यांना सारखेच लागू पडतात असे तो गृहीत धरतो. माझ्या मते शहराचा विचार घरातल्या ज्या माणसाला बदल सर्वांत कमी झेपणार आहे, त्याच्यापासून सुरू करावा आणि ज्याला तो सहज झेपतो त्याचा विचार शेवटी करावा. तुमच्या घरात पहिल्या जागी दोन माणसे आहेत, वडील आणि मुलगी. तुम्ही स्वतः शेवटी येता, कारण तुमचे काम यादीतल्या तिन्ही शहरांत मिळू शकते.

वडिलांपासून सुरुवात करू. पार्किन्सनमध्ये औषधांच्या वेळा, तोल जाणे, रात्रीची सोबत या गोष्टी हळूहळू वाढत जातात, आणि एखाद्या दिवशी दुपारी फोन आल्यावर त्याच दिवशी पोहोचणे हीच खरी गरज ठरते. बंगळुरू किंवा हैदराबादहून नाशिक गाठायचे म्हणजे विमानांच्या वेळापत्रकावर विसंबणे आले, त्यामुळे ही दोन्ही शहरे येथेच मागे पडतात. पुणे मात्र तुम्ही समजता तितके जवळ नाही. पुणे-नाशिक अंतर सुमारे २१० किलोमीटर आहे. संगमनेरमार्गे मोटारीने साधारण पाच तास धरावेत, आणि दोन्ही शहरांना सरळ जोडणारा लोहमार्ग अजून झालेला नाही. तुमच्या यादीत जे शहर नाही, ते ठाणे, नाशिकला अधिक जवळ आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून कसारा घाटातली जुनी अडचणही बरीच कमी झाली आहे. शिवाय रेल्वे आहेच. पत्नीच्या क्षेत्रातली कामे मुंबई-ठाणे परिसरात आहेत आणि पुण्यातही आहेत. म्हणून तुमची खरी निवड पुणे आणि ठाणे यांच्यात आहे असे मला वाटते, आणि ती पत्नीला आधी कोठे नोकरी मिळते यावर सोडावी. परतलेल्या अनेक कुटुंबांत पतीच्या नोकरीवरून शहर ठरते आणि पत्नी मागाहून मिळेल ते काम शोधत बसते. दोन वर्षांनी पुन्हा परदेशी जाण्याची भाषा सुरू होते ती बहुधा अशाच घरांत.

आता मुलीकडे वळू. तिच्या बाबतीत शहरापेक्षा वर्ष महत्त्वाचे आहे. केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, विद्यार्थ्यांची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत प्रवेश मिळणे अवघड असते, त्यामुळे आठवी संपताच येणे हा तुमचा निर्णय योग्य आहे. सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. जूनमध्ये येणाऱ्या मुलीचे दोन महिने बुडालेले असतील. केंब्रिज किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळा बहुतेक ऑगस्टमध्ये सुरू होतात, तेथे हा खंड पडत नाही, मात्र शुल्क कितीतरी जास्त असते. तिला पुढे वैद्यकीय शिक्षण घ्यायचे असेल, तर महाराष्ट्राच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण होण्याची अट साधारणपणे असते, तर कर्नाटकात त्या राज्यात किमान सात वर्षे शिकल्याचा निकष मुख्यत्वे लावला जातो. तुमची मुलगी नववीत बंगळुरूला गेली असती, तर ती महाराष्ट्राच्या कोट्याबाहेर गेली असती आणि कर्नाटकाच्या या निकषातही बसली नसती. तुमच्या तक्त्यात यासाठी एकही रकाना नव्हता.

मुलांच्या नागरिकत्वाचाही येथे संबंध येतो. दोघांकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, असेल असे मी धरतो. केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआयधारकांना प्रवेशाच्या बाबतीत अनिवासी भारतीयांच्या पंक्तीत बसवले आणि केवळ भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवरचा त्यांचा हक्क काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा निर्बंध त्या तारखेपासून पुढेच लागू राहील असे ठरवले. मुलीचे कार्ड त्या तारखेआधीचे असेल तर ती त्यातून सुटते. मुलगा चार वर्षांचा असल्याने बहुधा सुटत नाही. एकाच घरातल्या भावंडांना दोन वेगळे नियम लागतील असे कोणाच्या मनातही येत नाही. मुलाला अजून वेळ आहे आणि नियम बदलूही शकतात, पण मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी त्या वर्षीची नियमपुस्तिका मुळातून वाचावी.

घर घेण्याची घाई करू नये. पुण्यात किंवा ठाण्यात घर घेताना मुद्रांक शुल्क साधारण सात टक्के जाते (खरेदी स्त्रीच्या नावावर असल्यास एक टक्का सवलत आहे) आणि नोंदणी शुल्क वेगळे. चुकीच्या जागी घेतलेले घर बदलायचे म्हटले की हा खर्च पुन्हा येतो. अकरा महिन्यांचा भाडेकरार करावा, त्याची रीतसर नोंदणी करावी आणि त्या काळात शाळा, नोकरी व घर यांचा रोजचा फेरा एकदा जगून पाहावा. पुण्यात हिंजवडीला नोकरी आणि खराडीला घर असेल, तर तुम्ही रोज शहर आरपार ओलांडाल. अशा वेळी आपण पुण्यात राहतो की रस्त्यावर, असा प्रश्न पडेल. बाणेर-बालेवाडी, कोथरूड किंवा खराडी-विमाननगर यांपैकी एक बाजू धरावी आणि शाळाही त्याच बाजूची घ्यावी. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांचे चित्र फार देखणे दिसते; तो रस्ता सकाळी नऊ वाजता पाहिल्याशिवाय तेथे घर ठरवू नये.

पाण्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण परदेशात राहून या गोष्टीचा विसर पडतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. त्यांपैकी बऱ्याच भागांत मोठाल्या इमारती उभ्या आहेत, पण पालिकेचे पाणी पुरेसे नाही आणि संकुले टँकरवर चालतात. जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे बरेच रुग्ण सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड गाव या पट्ट्यात आढळले, तेव्हा पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आला होता. घर पाहायला जाल तेव्हा सज्जातून दिसणाऱ्या टेकडीचे कौतुक जरूर करा, पण संकुलाच्या कार्यालयात एप्रिल आणि मे महिन्यांची टँकरची बिले मागायला विसरू नका. भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंद पाहावी हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक सूचना करतो. परदेशातली बहुतेक मंडळी डिसेंबरच्या सुटीत शहर पाहून जातात. डिसेंबरमध्ये महाराष्ट्रातले कोणतेही शहर चांगलेच दिसते. शक्य असल्यास मे महिन्यात किंवा जुलैच्या मुसळधार आठवड्यात येऊन पाहावे, आणि नातेवाइकांकडे न उतरता ज्या भागात राहायचे आहे तेथेच उतरावे.

प्रश्न : भारतात परतताना आयकराच्या दृष्टीने कोणते राज्य फायद्याचे आहे? — एक वाचक, लंडन

उत्तर : कोणतेच नाही. आयकर केंद्राचा आहे आणि तो सर्वत्र सारखा लागतो. राज्यांचा व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये असतो, त्यावरून कोणी शहर निवडू नये. शहरापेक्षा परतीच्या तारखेचा परिणाम मोठा होतो, कारण आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिलात यावर तुमचा दर्जा ठरतो. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागील सात वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवस किंवा त्याहून कमी असेल, तर परतल्यावर काही काळ ‘निवासी, पण सर्वसाधारण निवासी नाही’ असा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातल्या बहुतेक उत्पन्नावर येथे कर लागत नाही. तारीख ठरवण्याआधी सनदी लेखापालाला विचारावे. बँकांना परतल्याचे कळवून एनआरई आणि एनआरओ या अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यांचे स्वरूप बदलून घेणेही तितकेच आवश्यक आहे. बरेच जण ते वर्षानुवर्षे करत नाहीत.

प्रश्न : मी श्टुटगार्ट येथे मोटारींच्या क्षेत्रात अभियंता आहे. अविवाहित आहे, आई-वडील साताऱ्याला आहेत. पुणे आणि बंगळुरू या दोन्हींकडे संधी दिसते. सध्याची जर्मन कंपनी वर्षभर भारतातून काम करू देण्यास तयार आहे. काय करावे? — एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : तुम्ही मोटारीच्या कोणत्या भागावर काम करता यावर उत्तर ठरते. उत्पादन, सुटे भाग, चाचणी आणि प्रमाणन यांसाठी पुण्याला तोड नाही. चाकण-तळेगावचा औद्योगिक पट्टा आणि कोथरूडची एआरएआय ही वाहनांची चाचणी व प्रमाणन करणारी संस्था एकाच परिसरात असण्याचा लाभ मोठा आहे. तुमचे काम मोटारीतल्या संगणकप्रणालीचे असेल, तर बंगळुरूत परदेशी कंपन्यांची संशोधन केंद्रे अधिक आहेत आणि एक नोकरी सुटली तर दुसरी लवकर मिळते. तुमच्या वयात आणि परिस्थितीत हा दुसरा मुद्दा मी जास्त धरला असता. आई-वडील हिंडते-फिरते असतील तर सातारा बंगळुरूहून दूर असले तरी ते लोहमार्गावर आहे आणि महामार्गावरही आहे.

कंपनीने देऊ केलेले वर्ष जरूर घ्यावे. जर्मनीशी वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा आहे, म्हणजे तुमचा दिवस दुपारी सुरू होऊन रात्री आठ-नऊला संपेल. हे निभते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी हा फरक साडेबारा ते साडेतेरा तासांचा असतो आणि तिकडची नोकरी येथून करणारे लोक दिवसा झोपतात; त्यांच्यासाठी शहर कोणतेही असले तरी ते अंधारातच पाहायचे असते. पुण्याहून जर्मनीला वारंवार जावे लागणार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लोहगावचे विमानतळ हवाई दलाच्या धावपट्टीवर चालते आणि युरोपच्या प्रवासासाठी बहुधा मुंबईच गाठावी लागते. कंपनीने लेखी पत्र दिल्याशिवाय आणि तुमच्या कराची जबाबदारी कोणाकडे राहील हे स्पष्ट झाल्याशिवाय तेथील घर सोडू नये.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून कॅनडातून परत येत आहेत. दोघेही संगणक क्षेत्रात आहेत. आम्ही दोघे सांगलीत असतो, घर मोठे आहे. त्यांनी येथेच राहावे असे आम्हाला फार वाटते, पण मुलगा पुण्याचे नाव घेतो. आम्ही आग्रह धरावा का? — एक आई, सांगली

उत्तर : धरू नये, असे मी आदराने सुचवतो. सांगलीत घर आहे, माणसे आहेत, पण तुमच्या सुनेला तिच्या योग्यतेचे काम तेथे मिळणे कठीण आहे आणि त्याची रुखरुख पुढे सगळ्या घराला लागेल. तुमच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे, ती म्हणजे वैद्यकीय सोय. मिरज शंभर वर्षांहून अधिक काळ उपचारांसाठी ओळखली जाते आणि ती तुमच्या दारात आहे, त्यामुळे तुमच्या काळजीपोटी मुलाने सांगलीतच राहिले पाहिजे असे नाही. पुण्याहून तो रात्रीतून पोहोचू शकतो.

आग्रहाऐवजी तुम्हाला नेमके काय हवे ते त्याला सांगावे. महिन्यातून एक शनिवार-रविवार हवा असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. दिवाळी सांगलीत व्हावी असे वाटत असेल तर तेही आत्ताच बोलून ठेवावे, म्हणजे तो पुण्यात घर शोधताना सातारा रस्त्याकडचा भाग पाहील. ‘तुझी इच्छा’ असे म्हणून नंतर मनात धरणे, हे मात्र कृपया टाळावे.

प्रश्न : आम्ही दोघे दुबईहून निवृत्त होऊन परतत आहोत. वय साठीच्या आसपास. डोंबिवलीत एक सदनिका आहे. मला रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी थोडी जमीन घेऊन राहावेसे वाटते, पत्नीला तिचे माहेर कोल्हापूर आवडते. मुले ऑस्ट्रेलियात आहेत. — एक वाचक, दुबई

उत्तर : मुले जवळ नसतील, तर तुमच्यासाठी शहर म्हणजे रुग्णालय आणि शेजार. पुढची दहा वर्षे तुम्ही गाडी चालवाल, बागेत काम कराल. त्यानंतरच्या दहा वर्षांत कोणीतरी तुम्हाला तपासणीला नेऊन आणावे लागेल. घर या दुसऱ्या दहा वर्षांसाठी निवडावे. या कसोटीला कोल्हापूर उतरते. तेथे चांगली रुग्णालये आहेत, विमानतळ आहे, पत्नीची माणसे आहेत, आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांना एखाद्या वेळी येता आले नाही तरी दार वाजवणारे कोणी असेल. पंचगंगेच्या पुराने २०१९ आणि २०२१ मध्ये जे दाखवले ते मात्र विसरता येणार नाही. जागा निळ्या किंवा लाल पूररेषेत येते का हे नकाशावर पाहावे, आणि त्या वर्षी गल्लीत पाणी कोठवर आले होते हे शेजाऱ्यांना विचारावे. शेजारी भिंतीवरची खूणच दाखवतात.

कोकणातल्या जमिनीविषयी स्पष्ट सांगायला हवे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. परत येऊन निवासी झाल्यावरही महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर तुमचे नाव असेल तर मार्ग मोकळा आहे. नसेल तर बिगरशेती भूखंड पाहावा लागेल. ‘नंतर बघून घेऊ’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला आगाऊ रक्कम देऊ नये. मला विचाराल तर गावी वर्षातून तीन महिने राहण्यापुरते भाड्याचे घर घ्यावे. पावसाळ्यात वीज जाते, तालुक्याच्या डॉक्टरांच्या मर्यादा असतात, आणि कायमचे राहणे हे सुटीत जाण्याहून अगदी निराळे काम आहे.

डोंबिवलीची सदनिका लगेच विकू नये. कोल्हापुरात एक वर्ष भाड्याने राहून मग ठरवावे. आरोग्यविमा मात्र थांबवून ठेवण्याजोगा नाही. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे आणि तो विमा घेतल्याच्या दिवसापासून मोजला जातो, म्हणून दुबईत असतानाच विमा घेतलात तर ती वर्षे तेथेच सरू लागतील. अर्जात मधुमेह किंवा रक्तदाब लपवू नये. त्यावरून पुढे दावा नाकारला जाऊ शकतो.

प्रश्न : मी मराठी, पत्नी तेलुगू भाषक, सध्या सिंगापुरात आहोत. माझे आई-वडील नांदेडला, तिचे हैदराबादला. मुलगी पाच वर्षांची आहे. हैदराबादला गेलो तर तिचे मराठी सुटेल, म्हणून मी पुण्याचा आग्रह धरतो. तो बरोबर आहे का? — एक वाचक, सिंगापूर

उत्तर : नकाशा उघडून पाहिलात तर तुमचा आग्रह बराच सैल होईल. नांदेडहून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर आहे आणि पुणे त्याहून पुष्कळ लांब. पुण्यात राहून तुम्ही दोघांच्याही आई-वडिलांपासून दूर राहाल, हैदराबादेत दोघांच्याही जवळ. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता; त्या शहरात पिढ्यानपिढ्या राहणारी मराठी घरे आहेत, विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था आणि मराठी साहित्य परिषद आहे. तेव्हा मराठी तेथे परकी नाही.

शाळेत मात्र तेलुगू शिकावी लागेल, कारण तेलंगणात २०१८ च्या कायद्याने ती सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची झाली आहे. महाराष्ट्रातही मराठीसाठी २०२० पासून असाच कायदा आहे, म्हणजे पुण्यात आलात तर पत्नीची तेलुगू शाळेबाहेर राहील. दोन्ही ठिकाणी एक भाषा शाळा सांभाळेल आणि दुसरी घराला सांभाळावी लागेल. मुलगी पाच वर्षांची आहे, सुटीत महिनाभर नांदेडला आजीजवळ राहिली तर तिचे मराठी कोठे जाणार नाही. पुण्यातल्या इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या कितीतरी मराठी मुलांपेक्षा ती बरे बोलेल. वाचन आणि लेखन तुम्हाला स्वतः बसून शिकवावे लागेल, रोज थोडे. प्रवेश घेताना शाळेत दुसरी आणि तिसरी भाषा कोणत्या इयत्तेपासून सुरू होतात, हे लेखी विचारून घ्यावे.